साठीनंतरची फिट, म्हणजे "आजोबा हँग झाले" तेव्हा नक्की काय झालं होतं

माझं कराडला मेडिकल आहे, म्हणजे दुकान नवऱ्याच्या नावावर पण डी. फार्म मी केलेलं, त्यामुळे सकाळी नऊपासून काउंटरला मीच असते. फिटच्या गोळ्या गेली सतरा वर्षं देतेय, कुठली किती वाजता सगळं तोंडपाठ, आणि तरी माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत सासऱ्यांना फिट येत होत्या आणि मला पाच महिने पत्ता लागला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "हिला काय, सगळं माहीतच असणार" असं वाटायला नको.

अण्णा, म्हणजे सासरे, ७३ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला, डावी बाजू, मग फिजिओथेरपीनं चालायला लागले, डावा हात तेवढा अजून जरा मागे आहे. तर एका दुपारी ओट्यावर बसून शेंगा फोडत होते, सासूबाई शेजारी, त्यांनी काहीतरी विचारलं तर उत्तर नाही. डोळे उघडे, समोर बघतायत, पण बघत काहीच नाहीयेत, तोंड हळूहळू हलतंय, जसं काहीतरी चघळतायत, आणि उजव्या हाताची बोटं शेंग फोडतायत, हातात शेंग नाही तरी. मिनिटभर चाललं असेल. मग एकदम "हां, काय म्हणालीस?" आणि त्यानंतर अर्धा तास तेच तेच, "आज बाजार आहे का, आज बाजार आहे का." संध्याकाळी एकदम नॉर्मल, चहा घेतला, पेपर वाचला.

आम्ही काय समजलो? वय झालं. मग समजलो ऐकू कमी येतं, कानाची टेस्टसुद्धा करून आणली, चांगले पैसे घालवले. मग बीपीची गोळी बदलून घेतली. एकदा सासूबाई म्हणाल्या मुद्दामच करतात, माझं ऐकायचंच नसतं त्यांना. शेवटी पुतण्याच्या पोरानं, सातवीत आहे, मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "आजोबा हँग झाले". मी दुकानात बसून तो व्हिडिओ बघितला आणि पोटात गोळाच आला. हातपाय कुठं झाडत नव्हते, तोंडाला फेस नव्हता, पडलेही नव्हते, पण ती फिट होती. न्यूरोलॉजिस्टनी तो व्हिडिओ अर्धाच बघितला आणि तेच सांगितलं.

म्हणून हा लेख. म्हातारपणातली फिट ही बहुतेक वेळा फिटसारखी दिसत नाही, सगळी गोची इथंच आहे. एकदा ओळखली की औषधाचं काम त्या मानानं सोपं असतं.

आपल्या डोक्यात फिट म्हणजे काय, तर माणूस धाडकन पडतो, अंग ताठ, हातपाय आखडून झटके, जीभ चावली, लघवी झाली. आकडी, फेफरं, अपस्मार, सगळ्या शब्दांमागे चित्र तेच. तशी फिट असतेच आणि म्हाताऱ्यांनाही येते. पण साठीनंतर नव्यानं सुरू होणारी फिट ही जास्त करून मेंदूच्या एका भागापुरती असते, ज्याला डॉक्टर फोकल म्हणतात, आणि त्यात माणूस पडत नाही, त्याचं भान जातं. टक लावून बघणं, बोलता बोलता थांबणं, ओठ चाटणं, शर्टाचं बटण नाहीतर पदराचा काठ चाळत राहणं, भलतंच काहीतरी बोलणं. एखाद मिनिट, फार तर दोन-तीन. तरुण पेशंटना बऱ्याचदा आधी कळतं की येणार आता, पोटातून काहीतरी वर चढतं, वास येतो, म्हाताऱ्यांना अशी आगाऊ सूचना कमी मिळते. आणि नंतरचा गोंधळ मात्र जास्त टिकतो, तरुणाला पंधरा-वीस मिनिटं लागतील तिथं आजोबांना काही तास, कधी कधी एक-दोन दिवससुद्धा. आता सांगा, एखादी आजी दिवसभर गोंधळल्यासारखी करतेय हे बघून फिट कोणाच्या मनात येईल, सगळे म्हणणार विसरभोळेपणा सुरू झाला.

आत काय होतं ते मला पटलं तसं सांगते. नेहमीचा मेंदू म्हणजे मंडई. प्रत्येक पेशी आपापलं बोलतेय, कोणी भाव सांगतंय कोणी घासाघीस करतंय, गलका वाटतो पण त्यातूनच काम होतं. फिट म्हणजे त्या मंडईतल्या एका गल्लीनं अचानक लेझीम धरलं. सगळे एका ठेक्यात, एकाच वेळी, एकदम शिस्तीत, आणि नेमकं त्यामुळंच तिथलं कामकाज ठप्प. लेझीम त्या गल्लीपुरतं राहिलं तर माणूस टक लावून बसतो, पूर्ण मंडईत पसरलं तर पडतो आणि झटके येतात. मेंदूत काही पेशी "चालू दे" म्हणणाऱ्या आणि काही "बास" म्हणणाऱ्या असतात, त्यांचं जिथं बिनसलंय तिथून हे सुरू होतं.

म्हातारपणी का बिनसतं, तर सगळ्यात मोठं कारण स्ट्रोक, म्हणजे अण्णांना आला तो पॅरालिसिसचा अटॅक. मेंदूतला जो तुकडा मेला तिथं व्रण राहतो आणि त्या व्रणाच्या काठावरच्या पेशी नवीन जोडण्या करताना चुकतमाकत करतात. त्याला वेळ लागतो, म्हणून फिट स्ट्रोकनंतर सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी सुरू होते आणि तोपर्यंत घरच्यांना वाटत असतं ते प्रकरण संपलं. स्ट्रोकच्या पहिल्या सात दिवसांत आलेली फिट वेगळी धरतात, ती ताज्या जखमेची, तिच्यामुळे कायमचा आजार होईलच असं नाही. सात दिवसांनंतर आलेली एक जरी असली तरी डॉक्टर गंभीरपणे घेतात. पूर्वी नियम होता की एका दिवसाहून जास्त अंतरानं दोन फिट आल्या की एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार, म्हणायचं, २०१४ मध्ये या आजारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेनं व्याख्या बदलली, आता एकच फिट आली पण पुढच्या दहा वर्षांत परत यायची शक्यता ६० टक्के किंवा वर असेल तर तीही एपिलेप्सीच. स्ट्रोकनंतर उशिरा आलेली फिट यातच बसते. त्यामुळे "एकदाच तर आली, बघू परत आली तर" हे म्हातारपणी चालत नाही.

बाकी कारणं म्हणजे डोक्याला जुना मार, मेंदूतली गाठ, अल्झायमर आणि तसले स्मृतीचे आजार, आपल्याकडे भर म्हणून टीबीच्या गाठी आणि टेपवर्मच्या अळ्यांच्या गाठी. बऱ्याच जणांत सगळ्या तपासण्या करून कारण सापडतच नाही. ज्यांना कारण सापडत नाही त्यांनी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल नीट बघून घ्यावं, कारण साठीनंतर पहिल्यांदा फिट आलेल्यांना पुढे स्ट्रोक यायचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणजे फिट ही कधी कधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची आगाऊ नोटीस असते.

आता जरा काउंटरवरचं सांगते, कारण ते मला रोज दिसतं. काही फिट मुळात एपिलेप्सीच्या नसतातच, शरीरात काहीतरी बिघडल्याच्या असतात, ते दुरुस्त केलं की संपल्या. पहिला नंबर सोडियमचा. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे एच असतं, त्यात लघवी वाढवणारं औषध असतं, त्यानं म्हाताऱ्या माणसाचं सोडियम खाली जाऊ शकतं, नॉर्मल १३५ ते १४५, ते १२० च्या खाली घसरलं की गोंधळ, झोप झोप आणि फिट. वर कोणीतरी सांगितलेलं असतं मीठ एकदम बंद करा. दुसरं शुगर, सकाळी शुगरची गोळी घेतली आणि नाश्ता राहिला. तिसरं दारू अचानक सोडणं. आणि चौथं, हे मला फार बोचतं, झोपेची गोळी. अल्प्राझोलाम नाहीतर क्लोनाझेपाम दहा दहा वर्षं घेणारे आजी-आजोबा आहेत, मग मुंबईहून मुलगा येतो, हे काय घेताय म्हणून पाकीट फेकून देतो, आणि काही दिवसांत फिट. ती गोळी कमी करायचीच असेल तर हळूहळू, डॉक्टरांना विचारून, अशी एका झटक्यात नाही. गुडघेदुखीला दिलेलं ट्रामाडॉल, लघवीच्या इन्फेक्शनला दिलेलं सिप्रो नाहीतर लिव्होफ्लॉक्स, यांनीही फिट येणं सोपं होतं, म्हणून आधीच फिटचा पेशंट असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर ते आधी सांगायचं. कोणी सांगत नाही. "गुडघ्याच्या डॉक्टरांना फिटचं कशाला सांगायचं", हे मी या कानांनी ऐकलंय.

निदान कसं होतं म्हणाल तर सगळ्यात जास्त घरच्यांच्या सांगण्यावरून. मशीनवर फार विसंबू नका. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून काढतात तो कागद, तो अर्ध्या तासाचा असतो आणि फिट त्या अर्ध्या तासात येत नाही, म्हाताऱ्या पेशंटमध्ये पहिला ईईजी बऱ्याचदा नॉर्मलच निघतो. अण्णांचाही नॉर्मल होता. नवरा म्हणाला बघ काही नाही. तसं नसतं, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे फिट नाही असं होत नाही. उलटही खरं, वयामुळे ईईजीत काही बारीक फरक दिसतातच, तेवढ्यावरून कोणाला फिटचा शिक्का मारायचा नसतो. एमआरआय करतात व्रण, गाठ बघायला. रक्तात सोडियम, शुगर, क्रिएटिनिन, कॅल्शियम. आणि ईसीजी, हा मात्र विसरू नये, कारण म्हाताऱ्या माणसाची शुद्ध हरपण्यामागे हृदयाचा ठोका गडबडणं हे मोठं कारण असतं आणि तिथं फिटची गोळी देऊन काहीच उपयोग नाही, तिथं कदाचित पेसमेकर लागेल.

साधी चक्कर आणि फिट यातला फरक ढोबळ मानानं असा की चक्कर येऊन पडणारा बहुतेक उभा असतो, पांढराफटक पडतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आडवा झाला की मिनिटाभरात ठिकाणावर येतो. पडताना दोन-चार झटके त्यालाही येऊ शकतात, त्यावरून घाबरून जाऊ नये. फिट बसल्या जागी येते, झोपेत येते, जीभ चावली तर कडेला चावलेली असते आणि नंतर बराच वेळ माणूस ठिकाणावर नसतो. अजून एक घोळ, फिटनंतर कधी कधी एक हात नाहीतर एक बाजू काही तास लुळी पडते आणि ती आपोआप सुटते. पण म्हणून घरी बसून "सुटेल" म्हणायचं नाही हां. स्ट्रोक आहे का फिटनंतरचं आहे हे घरी कळत नाही आणि स्ट्रोकमधली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा थेट हॉस्पिटल.

आणि एक प्रकार जो ऐकून मीच हादरले. फिट आत चालूच राहते, बाहेर काही दिसत नाही. माणूस जागा आहे, डोळे उघडे आहेत, पण दोन दिवस झाले धड बोलत नाही, गुंगीत असल्यासारखा, घरचे म्हणतात वात झालाय, भ्रम झालाय. कारण सापडत नसेल आणि गोंधळ अचानक सुरू झाला असेल तर डॉक्टरांना ईईजी करायचा का एवढं विचारायला हरकत नाही. ही इमर्जन्सी असते.

आता गोळ्या. पहिली गोष्ट, गोळी व्रण घालवत नाही. ती लेझीम सुरू होऊ देत नाही एवढंच. म्हणून "बरं वाटतंय, बंद केली" असं केलं की परत येते, आणि एकदम बंद केली तर अशी येते की थांबतच नाही. चांगली बातमी ही की साठीनंतरच्या पेशंटना बहुधा एकाच औषधाचा, तोही कमी डोस पुरतो, आणि बहुतेकांच्या फिट थांबतात. तरुणांपेक्षा यांचं या बाबतीत बरं असतं. डॉक्टरांचं सूत्र असं की कमीपासून सुरुवात, सावकाश वाढ, कारण किडनी आणि लिव्हर आता पूर्वीच्या वेगानं औषध बाहेर काढत नाहीत.

जुन्या गोळ्यांत सगळ्यांच्या ओळखीची फेनिटॉइन, म्हणजे ती बाटलीतून येणारी इप्टॉइन. १९३८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, काम करते, नावं ठेवायचं कारण नाही. पण म्हाताऱ्या माणसाला ती सांभाळून द्यावी लागते. का, ते बघा. आमच्या इथं तासवडेचा टोलनाका आहे. रोजच्या गाड्या असतील तर भराभर पास होतात. दिवाळीत नेहमीपेक्षा थोड्याच गाड्या जास्त आल्या तरी रांग पार मागे जाते, कारण लेन तेवढ्याच. लिव्हरचं फेनिटॉइनबाबत तसंच आहे, एका मर्यादेपर्यंत ठीक, त्यापुढे डोस जरासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम चढते. मग पेशंट झोकांड्या खातो, बोबडं बोलतो, डोळे लुकलुकतात आणि घरचे म्हणतात आजार वाढला. त्यात म्हाताऱ्यांच्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी, फेनिटॉइन त्याला चिकटून फिरतं, ते कमी पडलं की मोकळं फिरणारं औषध वाढतं, आणि रिपोर्टवरचा आकडा मात्र नॉर्मल दिसतो.

फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, फिनोबार्बिटोन, या तिन्हींची अजून एक खोड म्हणजे या लिव्हरला जास्त कामाला लावतात, मग बाकीची औषधंही लवकर संपतात. कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, रक्त पातळ करायची एपिक्साबान, यांचा असर कमी होतो. म्हणजे ज्या माणसाला स्ट्रोकमुळे फिट आली त्याचं परत स्ट्रोक होऊ नये म्हणून चालू असलेलं औषधच फिटच्या गोळीमुळे कमी पडणार. शिवाय हाडं ठिसूळ होतात, आणि म्हाताऱ्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं मी सांगायला नको. कार्बामाझेपीनमुळे सोडियमही खाली जातं, वर ती एचवाली बीपीची गोळी चालू असेल तर मग बघायलाच नको.

त्यामुळे आता नव्यानं सुरू करताना बहुतेक डॉक्टर लेव्हेटिरासेटाम, लॅमोट्रिजिन नाहीतर लॅकोसामाइड लिहितात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये साठीपुढच्या ३५९ पेशंटवर तुलना केली होती, २०१५ ला छापून आली, ५८ आठवड्यांनंतर लेव्हेटिरासेटामवाले ६१.५ टक्के अजून तीच गोळी घेत होते, लॅमोट्रिजिनचे ५५.६, कार्बामाझेपीनचे ४५.८. फिट थांबवायला तिन्ही कामाच्या, फरक मुख्यतः सोसवण्याचा. या नव्या गोळ्यांनाही खोडी आहेतच. लेव्हेटिरासेटाम किडनीतून जातं म्हणून क्रिएटिनिन बघून डोस ठरतो, आणि काही जणांचा स्वभावच बदलतो. अण्णांचं तेच झालं. सकाळ-संध्याकाळ ५०० सुरू होती आणि तिसऱ्या आठवड्यात आमटीत मीठ कमी म्हणून त्यांनी ताट सरकवून दिलं, ज्या माणसानं उभ्या जन्मात कोणाला अरे-तुरे केलं नाही त्यानं. घरात सगळे गप्प. सासूबाई म्हणाल्या आजारपणानं चिडचिडे झालेत, मी म्हटलं आई, ही गोळी बोलतेय. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी २५० दोन वेळा केली, दहा दिवसांत आमचे अण्णा परत आले आणि फिटही वाढल्या नाहीत. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, काहींना गोळी बदलावी लागते, पण सांगितलं तरच डॉक्टरांना कळणार ना.

लॅमोट्रिजिनचा डोस आठवड्या-आठवड्यानं वाढवावा लागतो, घाई केली तर अंगावर पुरळ उठतं आणि ते कधी कधी जिवावरचं असतं. पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. आणि ती किंवा लॅकोसामाइड सुरू करताना हृदयाच्या ठोक्याचा त्रास असेल तर ईसीजी आधी. व्हॅल्प्रोएटनं हात थरथरतात, म्हाताऱ्यांत पार्किन्सनसारखं दिसायला लागतं, आणि मग कोणीतरी पार्किन्सनची गोळी वाढवून देतो. हे असं गोळीवर गोळी चढत जातं, अकरा-अकरा गोळ्यांच्या चिठ्ठ्या येतात माझ्याकडे.

काही बारीक गोष्टी ज्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात. ज्या गोळीच्या नावात सीआर, एक्सआर, क्रोनो असं आहे ती कुटून द्यायची नाही, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, कुटली की सगळं औषध एकदम अंगात. गिळता येत नसेल तर लेव्हेटिरासेटामचं सिरप मिळतं, मागा. एकाच कंपनीची गोळी शक्यतो चालू ठेवावी, जेनेरिकला माझा विरोध नाही, पण या महिन्यात ही पुढच्या महिन्यात ती असं करू नका, विशेषतः फेनिटॉइनचं. आणि उपास. एकादशीला, चतुर्थीला आमच्याकडच्या निम्म्या आजी गोळी घेत नाहीत. पाण्याचा घोट चालतो तर गोळीही चालते, हे मी सांगून सांगून थकले, शेवटी एका आजींना त्यांच्याच माळकरी शेजाऱ्यांनी समजावलं तेव्हा पटलं. गोळी चुकली तर आठवल्यावर घ्यायची, पण पुढच्या डोसची वेळ आलीच असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. गोळी कधी बंद होणार? तरुणांत दोन-तीन वर्षं फिट नाही आली तर विचार करतात, मेंदूत व्रण असलेल्या म्हाताऱ्यांत बहुधा चालूच ठेवतात. तो हिशोब डॉक्टरांचा.

समोर फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, किल्ल्यांचा जुडगा नाही. यातल्या कशानंही फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, कवळी असेल तर झटके थांबल्यावर काढायची. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, चष्मा काढायचा, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एकामागून एक येतायत आणि मधे शुद्धच नाही, तर १०८. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला स्प्रे लिहून दिला असेल तर तो. पडताना डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टेंगूळ लहान दिसलं तरी हॉस्पिटलला जायचं, आत रक्तस्राव होऊ शकतो. टक लावून बसणारी फिट असेल तर धरून ठेवू नका, ओढाताण केली की माणूस भांबावून हात उगारतो, नुसतं शेजारी थांबायचं, चूल, जिना, रस्ता यापासून हळूच बाजूला घ्यायचं.

घरात आम्ही बाथरूमची कडी काढून टाकली, फक्त दार लोटायचं. बंबातलं कढत पाणी आधीच बादलीत विसण घालून ठेवतो. सगळ्यात अवघड गेली ती गाडी. अण्णांची जुनी एम-एटी, तीवरून रोज मळ्यात चक्कर. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये एपिलेप्सी किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का असा थेट प्रश्न असतो, फिट असेल तर कायद्यानं गाडी चालवता येत नाही. पण कायदा कोण सांगणार त्यांना. शेवटी स्वतःच एक दिवस किल्ली देवघरात ठेवून आले आणि म्हणाले, "तिकीट न काढता कोणी बसायचं नाही, हे मीच सांगत आलो ना." त्यावर काय बोलणार.

सासूबाईंची काळजी वेगळीच होती. नातीचं बघायचं चाललंय, तेव्हा फिट हा शब्द घराबाहेर नको. त्यांच्या माहेरी कोणालातरी देवऋषाकडे नेलं होतं, बाहेरचं म्हणून. मी त्यांना एवढंच सांगितलं की स्ट्रोकच्या व्रणाची फिट नातीला जात नाही, गुडघ्याला पडलेली खोक जशी नातवाला जात नाही तशी. आणि हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीची अट १९९९ मध्येच काढून टाकलीय. अर्धं पटलं. शेजारी अजून "बीपीचा त्रास" असंच सांगतात.

पण नोंद ठेवायचं काम त्यांनीच घेतलं. कालनिर्णयच्या पानावर तारखेखाली लाल पेनानं फुली, बाजूला वेळ, किती मिनिटं, नंतर किती वेळ भांबावलेले. न्यूरोलॉजिस्टनी बाकीचे रिपोर्ट बाजूला ठेवून आधी ती पानं बघितली. गोळी सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात पाच फुल्या, नंतरच्यात दोन, मग एक, मग सलग सहा पानं कोरी. सातव्या पानावर एक फुली आणि पुढे प्रश्नचिन्ह. डॉक्टरांनी विचारलं, आजी हे काय? तर म्हणाल्या, टीव्हीकडे टक लावून बसले होते, चार वेळा हाक मारली तरी उत्तर नाही. अण्णा शेजारच्या खुर्चीतून म्हणाले, "अगं, शेवटची ओव्हर चालू होती."